बहात्तर किलोचं प्रमाण वजन

माझ्या बाबांचं वजन बासष्ट किलो दोनशे ग्रॅम भरलं. दुकानात, भर दुपारी, शिक्क्याच्या वजनांवर आणि एका सरकारी माणसाच्या देखत.

असं काहीही घडलेलं नाही. बाबा बहात्तर किलोचे आहेत. बारा वर्षं बहात्तर किलोचे आहेत, शहरातल्या निम्म्या काट्यांवर बहात्तर किलोचे आहेत, आणि आमच्या घरात या विषयावर कुणी वेगळं बोलत नाही. मीही बोलणार नाही. मी फक्त काट्यांबद्दल सांगते.

आमचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. बाबा दुरुस्त करतात, मी दाखले लिहिते. काटा दुरुस्त झाला की त्याला शिकवावं लागतं. म्हणजे खात्रीचं एक वजन वर ठेवायचं, काट्याला सांगायचं की बाबा रे, हे इतकं इतकं आहे, आणि बटण दाबायचं. काटा बिचारा उलट प्रश्न विचारत नाही. तिथून पुढे तो सगळ्या जगाकडे त्याच मापाने बघतो. म्हणून वर ठेवलेलं वजन खरं असावं लागतं, आणि ते खरं आहे याबद्दल त्यावर वजनमाप कार्यालयाचा शिक्का असतो.

बाबांकडे वीस वीस किलोची तीन लोखंडी वजनं होती. शिवाय एक दहाचं, एक दोनचं, आणि डबीत ग्रॅमची पिल्लं. बारा वर्षांपूर्वी ती घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढताना त्यांची कंबर धरली. महिनाभर पडून राहिले. उठले त्या दिवशी दुकानातल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात स्वतः बसले, दुसऱ्यात मला वजनं ठेवायला लावली. तीन विशी, एक दहा, एक दोन. दांडी आडवी. बरोबर बहात्तर.

"छटाक," ते मला म्हणाले, "मी कशाला वजनं वाहतोय? मीच वजन आहे."

छटाक म्हणजे मी. मी जन्मले तेव्हा इतकी लहान होते की दवाखान्यातल्या काट्यावर बाबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला दुकानात आणून तराजूत घातलं आणि पहिले दोन महिने रोज घालत राहिले. नाव तिथेच पडलं. कागदोपत्री दुसरं आहे, पण त्या नावाने मला हाक मारली तर मी मागे वळून बघते की कुणाला बोलावताहेत.

तर त्या दिवसापासून विशी दुकानातच राहिल्या आणि बाबा कामावर एकटे जायला लागले. काटा उघडायचा, साफ करायचा, तार बदलायची आणि मग स्वतः वर उभं राहायचं. बहात्तर. बटण. झालं. हातात फक्त पेचकस.

हे ऐकून हसू येतं हे मला कळतं. पण बाबा हसण्यावारी नेणारे नव्हते. कामावर जाताना तेच बूट, तीच पँट. खिसे रिकामे. पाणीसुद्धा मोजून. पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा वाढू द्यायचे नाहीत आणि आजारी पडले तरी घास चुकवायचे नाहीत. लोक पथ्य पाळतात ते बारीक व्हायला, बाबा पाळायचे ते बाबाच राहायला.

वजनमाप कार्यालयाचे निरीक्षक आमच्या दुकानात चहाला यायचे. त्यांना मी शिक्केवाले काका म्हणते. त्यांना ही भानगड माहीत होती. एकदा त्यांनी गमतीने पिशवीतून शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि बाबांच्या दंडावर मारला. "घ्या. आता तुम्ही कायदेशीर." बाबांनी तीन दिवस तो दंड धुतला नाही.

शिक्क्याची मुदत दोन वर्षं असते. मग वजन पुन्हा तपासून घ्यावं लागतं, कारण लोखंडसुद्धा झिजतं. बाबांनी नंतर स्वतःला तराजूत घातलंच नाही. सगळी चूक तिथे झाली. पण चूक झालेलीच नाही, हे मी वर सांगितलंय, तेव्हा पुढे जाते.

यंदा शहर जड व्हायला लागलं.

पहिली तक्रार पार्सल ऑफिसातून आली. तिथला कारकून म्हणाला, वीस किलो छापलेली खोकी थोडी जास्त भरतात. बाबा म्हणाले, "कंपन्या सुधारल्या. माल पुरेपूर देतात हल्ली." मग जिमवाल्याचा फोन. त्याचे लोक दोन महिने घाम गाळून दोन-दोन किलोंनी वाढले होते. बाबा म्हणाले, "स्नायू जड असतात." जिमवाल्याला हे इतकं आवडलं की त्याने ते भिंतीवर रंगवून घेतलं. बेकरीवाल्याने तक्रार केली नाही. त्याच्या काट्यावर कणकेचा गोळा लहान झाला तरी वजन तेवढंच यायचं, त्यामुळे तो समाधानी होता. पाव लहान झाले होते आणि तेच पाव खाणारी माणसं जड. एखाद्या शास्त्रज्ञाने यावर आयुष्य घालवलं असतं.

घरीही तेच. आईचं वजन आमच्या न्हाणीघरातल्या काट्यावर सात किलोंनी वाढलं. कपडे तेच बसत होते, पण आईने त्याचा अर्थ असा लावला की कापड ताणलंय. तिने रात्रीचं जेवण सोडलं. बाबांच्या पँटी ढगळ व्हायला लागल्या, तर बाबांनी अर्थ लावला की कापड सैल पडलंय. आमच्या घरात कापडाला स्वतःचं डोकं आहे.

न्हाणीघरातल्या काट्याला बाबा दर रविवारी शिकवायचे.

मग दवाखान्याचा फोन आला. तो मीच घेतला.

"तुमचा काटा बघून जा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "दोन महिन्यांपूर्वी तुम्ही दुरुस्त करून गेलात. तेव्हापासून माझ्याकडे आलेला एकही माणूस वाढल्याशिवाय राहिलेला नाही. सहा किलो, सात किलो. साथ आल्यासारखं. मी तीस जणांचं खाणं तोडलंय. एक तर तुमचा काटा जास्त दाखवतोय, नाहीतर शहरात काहीतरी भयंकर चाललंय."

बाबांना घेऊन मी लगेच गेले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. बाबा मधल्या वळणावर थांबले आणि कठड्यावरून खाली बघत राहिले. खाली बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक सायकल होती.

"काय बघताय?"

"सायकल," बाबा म्हणाले. पुढच्या वळणावर त्यांनी भिंत बघितली.

डॉक्टरबाईंच्या खोलीत काट्याच्या वर एक तक्ता लावलेला आहे. त्यात एकच जाड रेघ आहे, दोन खिळ्यांना बांधलेल्या झोळीसारखी. डावीकडे उंच, मधे खोल, उजवीकडे पुन्हा उंच. डावीकडे उंचीच्या मानाने फार बारीक माणसं, उजवीकडे फार जाड, आणि रेघ जितकी उंच तितका मरणाचा धोका जास्त. मधे झोळीत निवांत. डॉक्टरबाई प्रत्येकाला काट्यावर उभं करून, छडीने दाखवून, तुम्ही इथे आहात असं सांगतात. लोकांना मरणाची भीती नसते, पण तक्त्यावर दाखवलं की वाटते.

झोळीच्या अगदी खोल भागात पेनाने काढलेला एक ठिपका आहे. ते बाबा. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनी स्वतः काढला होता. बाबा दरवेळी काटा दुरुस्त करून त्यावर उभे राहतात, बाई त्यांच्या कार्डावर बहात्तर लिहितात आणि म्हणतात, "तुमच्यासारखा पेशंट नाही." कार्डावर बहात्तरांची रांग आहे.

त्या दिवशी त्यांचा कंपाउंडर दारात उभा होता. त्याला सगळे काडी म्हणतात. जन्मभर तो झोळीच्या डाव्या खिळ्यापाशी होता. गेल्या दोन महिन्यांत तो पहिल्यांदा झोळीत उतरला होता आणि त्याने एक माप मोठा शर्ट शिवून घेतला होता. शर्ट त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसत होता.

"काका, काट्याला फार छळू नका," काडी म्हणाला. "चांगला चाललाय."

बाबा काट्यावर उभे राहिले. आकडे वर गेले, हेलकावले, थांबले. एकोणसत्तर पाचशे.

"हे बघा," बाबा म्हणाले. "अडीच किलो कमी दाखवतोय."

"कमी?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कमी."

"अहो, पण माझी तक्रार जास्तीची आहे."

"तक्रार पेशंटची असते," बाबा म्हणाले. "काट्याची तपासणी असते." आणि वाकून त्यांनी बटण दाबलं. काट्यावर बहात्तर आलं. कंपाउंडर लगेच वर चढला, आकडा बघितला आणि मान खाली घालून हसला. त्याचं वजन आणखी पावणेदोन किलोंनी वाढलं होतं.

डॉक्टरबाईंनी कार्डावर बहात्तर लिहिलं, पण या वेळी काही बोलल्या नाहीत. त्या बाबांच्या गळ्याकडे बघत होत्या. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं, तरी आत दोन बोटं मावली असती.

"भूक लागते का?" त्यांनी विचारलं.

"वेळेवर."

"दमता का?"

"जिने वाढलेत," बाबा म्हणाले.

मी खाली बसून दाखला लिहीत होते. काटा तपासला, योग्य आढळला. माझा हात 'योग्य' शब्दावर थांबला. बाई म्हणतात काटा जास्त दाखवतो. बाबा म्हणतात कमी दाखवतो. एकाच काट्याबद्दल, एकाच दिवशी. दोघंही खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. मग तिसरं कोण आहे खोलीत?

मी 'आढळला' लिहून टाकलं. सही केली. घरी जाताना गाडीवर बाबा मागे बसले होते आणि मागे कुणी बसलंय असं गाडीला वाटत नव्हतं.

संध्याकाळी मी बाबांचा पट्टा खुंटीवरून काढून बघितला. कारखान्यात पाडलेली पाच भोकं. त्यांच्या आत, वाकडीतिकडी, खिळ्याने पाडलेली आणखी चार.

आई भाजी निवडत होती. मी पट्टा तिच्यासमोर धरला.

"पट्टा वाढलाय," ती म्हणाली.

"आई."

"चामडं आहे. वाढतं."

"ही भोकं कुणी पाडली?"

"मी." तिने एक देठ मोडला. "पहिलं त्यांनी मागितलं. बाकीची मीच पाडून ठेवली, त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून. लक्षात आलं नाही तर काय बिघडतं? तसंही विचारलं की म्हणतात, काट्यावर बघ. बघितलं मी काट्यावर. दर रविवारी बघितलं. बहात्तर. आता मी काट्याशी भांडू?"

"काटा कोण शिकवतं, आई?"

तिने निवडलेली भाजी परत न निवडलेल्यात टाकली, आणि हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक वीस किलोचं वजन उचललं. बारा वर्षं ते दुकानाच्या दाराला टेकवून ठेवलं होतं, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. कडेने जरा गंजलं होतं. पण तळाशी खळग्यात भरलेलं शिसं जागेवर होतं आणि शिशावर शिक्का वाचता येत होता. मी ते गाडीवर बांधलं आणि बाबांना सांगितलं की पडताळणीला नेते.

"कशाची पडताळणी?"

"दाराची."

आधी पार्सल ऑफिस. तिथला काटा सात महिन्यांपूर्वी बाबांनी शिकवलेला. विशी वर ठेवली. वीस किलो चारशे. चारशे ग्रॅम म्हणजे फार नाही. कारकून म्हणाला, "गंज धरला असेल." मी म्हटलं असेल.

मग जिम. पाच महिने. एकवीस.

मग बेकरी. तीन महिने. एकवीस सहाशे. बेकरीवाला म्हणाला, "ताई, राहू द्या ना आहे तसा."

मग दवाखाना. एकच दिवस झालेला. काडीने विशी उचलायला मदत केली आणि त्याचे हात थरथरले. बावीस किलो नऊशे.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि दाखल्यांच्या वहीच्या पाठीवर भागाकार मांडला. हिशोब सरळ होता. काटा विशीला बावीस नऊशे म्हणतो, कारण त्याला शिकवताना वर जे उभं होतं ते खरं त्याहून हलकं होतं. तेव्हा बहात्तरला वीसने गुणा आणि बावीस पूर्णांक नऊने भागा. मी काट्यांवर चिडत होते इतके दिवस. काटे बरोबर होते. जे शिकवलं तेच बोलत होते.

पार्सल ऑफिस: सत्तर किलो सहाशे. जिम: अडुसष्ट सहाशे. बेकरी: सहासष्ट सातशे. दवाखाना: बासष्ट नऊशे.

ते चार आकडे एकाखाली एक लिहिल्यावर लक्षात आलं की मी शहरभर फिरून बाबांचं कार्ड गोळा केलंय. डॉक्टरबाईंच्या कार्डावर बहात्तरांची रांग होती, आणि खरं कार्ड असं गावभर पसरलेलं होतं. पहिल्या दोन महिन्यांत दोन किलो, पुढच्या दोनांत आणखी दोन, आणि शेवटच्या तीनमध्ये जवळजवळ चार. उतार खालच्या बाजूला जास्त होता.

विशी तिथेच पायरीवर विसरून मी निघाले. मग परत आले आणि घेऊन गेले. प्रमाण वजन असं सोडून जाता येत नाही, त्याचा नियम आहे.

दुकानात बाबा एक लहान काटा उघडून बसले होते. शिक्केवाले काका चहा पीत होते. मी मोठ्या तराजूवरचं कापड काढलं. तो तराजू छताला टांगलेला आहे. त्याला बटण नाही, तार नाही, त्याला काही शिकवता येत नाही. दोन पारडी, एक दांडी. जड ते खाली जातं. त्याला एवढंच येतं.

"बाबा, बसा."

"कशाला?"

"मुदत संपलीय. दहा वर्षांपूर्वी संपली."

बाबांनी शिक्केवाल्या काकांकडे बघितलं. काका कपात बघत होते. "नियम आहे खरा," काका पुटपुटले. "दोन वर्षांनी फेरतपासणी."

बाबा उठले. खिसे रिकामे केले. पेचकस, रुमाल, किल्ल्या टेबलावर ठेवल्या. पारडं जमिनीला टेकलेलं होतं, त्यात मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. मी पलीकडे वजनं ठेवायला सुरुवात केली. एक वीस. दोन वीस. तीन वीस. काहीच हललं नाही. बाबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी दहाचं वजन ठेवलं.

पलीकडचं पारडं धाडकन जमिनीला लागलं आणि बाबा वर गेले.

फार वर नाही, गुडघाभर. पण बारा वर्षं ज्याच्या जोरावर शहरातले निम्मे काटे उभे होते तो माणूस साखळ्यांना धरून हवेत हळूहळू गोल फिरत होता. तोंड आमच्याकडे आलं, मग भिंतीकडे गेलं, मग परत आमच्याकडे. अजून दोन किलो ठेवायचे बाकी होते. ते माझ्या हातातच राहिले.

"या वजनांचा शिक्का जुना आहे," बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"वजनं फुगतात का, बाबा?"

"गंजतात."

"गंजून दहा किलो?"

एक फेरी पूर्ण झाली. बाबा पुन्हा समोर आले तेव्हा त्यांचा चेहरा तसाच होता, फक्त साखळीवरची बोटं पांढरी झाली होती.

"दहाचं काढ," ते म्हणाले.

मी दहाचं काढलं. दोनचं ठेवलं. बाबा हळूच खाली आले, जमिनीपासून चार बोटांवर थांबले आणि मग अजून थोडे उतरले. मी डबीतून दोनशे ग्रॅमचं पिल्लू घेऊन पलीकडे ठेवलं. दांडी आडवी झाली. मी डबीचं झाकण लावलं. बाहेर एक माणूस काटा दुरुस्तीला घेऊन आला होता, त्याने आत बघितलं आणि काटा घेऊन परत गेला.

"छटाक," बाबा म्हणाले, अजून पारड्यातच बसलेले. "तू पहिल्या आठवड्यात उतरत होतीस. रोज थोडी थोडी. मी तुझ्या आईला सांगितलं की तराजू बिघडलाय."

"बिघडला होता?"

"नाही."

शिक्केवाल्या काकांनी कप खाली ठेवला. "मी त्या दंडावर शिक्का मारायला नको होता," ते म्हणाले. मग उठून बाबांना हात देऊन बाहेर काढलं, आणि माणसाला उठवताना लावतात तितका जोर लावल्यामुळे बाबा जरा जास्तच वर आले.

डॉक्टरबाईंनी माझ्या वहीची पाठ बघितली. चार आकडे, त्याखाली पाचवा. त्यांनी काडीला हाक मारून गेल्या दोन महिन्यांत ज्यांचं खाणं तोडलं त्या सगळ्यांची यादी आणायला सांगितली. काडी यादी आणायला गेला. त्याला कळलं होतं. जाता जाता शर्टाच्या बाह्या दुमडत होता.

बाबा तक्त्याकडे बघत होते. "बासष्ट काही कमी नाही," ते म्हणाले. "माझ्या उंचीला बासष्ट झोळीतच येतं. तुमच्याच रेघेवर आहे."

"येतं," बाई म्हणाल्या. "बासष्टची माणसं मजेत जगतात. जन्मभर बासष्ट असतील तर." त्यांनी छडी उचलली नाही. "तुम्ही रेघेवर कुठे आहात हे मी विचारतच नाहीये. तुम्ही घसरताय. न ठरवता, खाऊनपिऊन. त्याचं कारण आत असतं. ते तुमच्या काट्याने सात महिने झाकून ठेवलं."

"काट्याने नाही," बाबा म्हणाले.

तपासण्या झाल्या. चार दिवसांनी बाईंनी सांगितलं की आतड्यात गाठ आहे, काढायला हवी, आणि लगेच. आई बाईंना म्हणाली, "वेळेत आलोय ना?" बाई म्हणाल्या, "उघडल्यावर कळेल. अजून दोन महिने बहात्तर राहिले असते तर उघडायचीही गरज पडली नसती." हे त्यांना सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. आईने पिशवीतून लहान पाव काढून अर्धा बाबांना दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. वजन वाढलेलं नव्हतंच, हे कळल्यापासून ती पुन्हा जेवायला लागली होती, पण चव लागत नाही म्हणायची.

मोठ्या इस्पितळात भरती करताना नर्सने बाबांना काट्यावर उभं केलं. भूल किती द्यायची हे वजनावर ठरतं, असं ती म्हणाली. आकडे वर गेले, हेलकावले, थांबले. पासष्ट सहाशे. नर्सने लिहिलं.

मी काट्याच्या बाजूला वाकून बघितलं. तिथे आमच्या दुकानाची चिठ्ठी होती. अक्षर माझं, तारीख चार महिन्यांपूर्वीची. काटा तपासला, योग्य आढळला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांचा हात माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं गप्प बस म्हणताहेत. काट्यावर जास्त भरले म्हणून सुखावले असतील, वाटलं. सहा तास उपाशी असलेला माणूस कशानेही सुखावतो.

बाबा काट्यावरून उतरले नाहीत.

"सिस्टर," ते म्हणाले, "ते खोडा. एकसष्ट पाचशे लिहा."

"काटा पासष्ट सहाशे दाखवतोय, आजोबा."

"तो माझ्यावर गेलाय," बाबा म्हणाले. "त्याला जास्त सांगायची सवय आहे. एकसष्ट पाचशे. आज सकाळी दुकानातल्या तराजूवर. मुलीने तोललं."

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने खोडलं, लिहिलं आणि समोर सही करायला सांगितली. बाबांनी सही केली. मला वाटतं बाबांनी स्वतःबद्दल दिलेला हा पहिला खरा दाखला. मग ते मला म्हणाले, "तू इथे बसून काय करणार? काटे पडलेत सगळे. शिक्केवाल्याला कळव. फॉर्म भर."

दार बंद झालं. आई बाकावर पट्टा हातात धरून बसली आहे आणि अंगठ्याने भोकं मोजते आहे. नऊ होतात, मग पुन्हा पहिल्यापासून. मी तिच्या शेजारी बसून फॉर्म भरते आहे. सदोष प्रमाण वजनाबाबत माहिती, प्रत एक. फॉर्ममध्ये सूचना अशी आहे की मर्यादेपेक्षा जास्त झिजलेलं वजन ताबडतोब वापरातून काढावं आणि मोडीत द्यावं. पर्यायांपुढे खूण करायची आहे. मला हवा तो पर्याय छापलेला नाही, तेव्हा मी तो खाली शेऱ्याच्या जागेत लिहिला आहे.

मा. निरीक्षक, वजनमाप कार्यालय, यांस:

विषय: एक नग प्रमाण वजन, नाममात्र बहात्तर किलो, याबाबत.

सदर वजनाने शिकवलेल्या एक्केचाळीस काट्यांची यादी सोबत जोडली आहे. ते सर्व काटे शिक्क्याच्या लोखंडी वजनांनी स्वखर्चाने पुन्हा तपासून देण्यास अर्जदार बांधील आहे. सदर वजनाचा पदार्थ: इतर. झिजेचे प्रमाण: दहा किलो पाचशे ग्रॅम. झिजेचे कारण: तपास चालू. सध्याचे ठिकाण: दार बंद असल्याने सांगता येत नाही. सदर वजनात अचूकतेचा दोष असला, तरी आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ते साक्षीदारांसमोर अचूक आढळले आहे, याची नोंद घ्यावी. तरी नियमातील मोडीत काढण्याची तरतूद सदर वजनास लागू करू नये. लोखंडी वजनांप्रमाणे त्यासही रिकाम्या झालेल्या जागी शिसे भरून मूळ वजनावर आणावे, जुन्याच दंडावर नवीन शिक्का मारावा, आणि दोन वर्षांऐवजी किमान वीस वर्षांची मुदत देऊन ते आहे त्याच पत्त्यावर, आहे त्याच कुटुंबाच्या वापरात ठेवण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.